सरदारांची काडीमोड



काडीमोड हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत कुणाला नवा नाही. नवराबायकोचं पटेनासं झालं, पंच बसले, देणंघेणं चुकतं झालं आणि गवताची एक काडी मोडली, की संसार मोडला. आपल्या बऱ्याच जमातींत ही रीत होती. पुढं पाट लावायचीही मुभा होती. पांढरपेशा जातींत मात्र लग्न म्हणजे जन्माची गाठ, ती सुटायची नाही. एकाच गावात एका घराला एक न्याय आणि दुसऱ्या घराला दुसरा. तेव्हा लग्न मोडण्याचा हक्क नेमका कुणाचा, हा प्रश्न आपल्यालाही पडलेला आहे. नवऱ्याचा, बायकोचा, भाऊबंदांचा, धर्माचा, की सरकारचा?

याच प्रश्नावरून चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडात मोठी उलथापालथ झाली, आणि तिच्यात एका राणीचं राज्यही गेलं. तीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. शाळेत धर्मसुधारणेचा धडा शिकवताना पोप, प्रार्थना आणि सनावळ्या यांपलीकडे फारसं काही सांगितलं जात नाही. पण धर्म बदलला की लग्नाचा कायदा बदलतो, आणि लग्नाचा कायदा बदलला की वारसा, जमीन, गादी सगळंच हलतं. शिक्षकबंधूंनी नि भगिनींनी ही बाजू ध्यानात घ्यावी.

प्रथम जागा पाहू. ब्रिटन बेटाचा उत्तरेकडचा, डोंगराळ आणि थंड भाग म्हणजे स्कॉटलंड. त्या काळी हे इंग्लंडपासून अगदी वेगळं राज्य होतं. राजा वेगळा, संसद वेगळी, कायदाही वेगळा. राजधानी एडिंबरो. राजा नावाचा धनी असला तरी मुलखावर खरा अंमल सरदारांचा. वरच्या दर्जाच्या सरदाराला अर्ल म्हणत. प्रत्येक अर्लाची जहागीर, गढी, पदरी शेकडो हत्यारबंद माणसं आणि पाठीशी अख्खं कुळ. अशा घरांत लग्न म्हणजे दोन जिवांची गोष्ट नसे. तो दोन कुळांचा तह असे. मुलगी हुंडा घेऊन येई आणि तिच्या नावानं तहहयात खायला म्हणून काही जमीन लिहून दिली जाई. एक गंमत अशी, की लग्नानंतर तिचं आडनाव बदलत नसे. गॉर्डनांची लेक कुणाच्याही घरी नांदली तरी गॉर्डनच राही.

आता असा तह मोडायची पाळी आली तर? इ. स. १५६० पूर्वी स्कॉटलंड रोमच्या पोपला मानत होतं, आणि लग्नाचे सगळे खटले धर्मपीठाच्या कोर्टात चालत. तिथला नियम सरळ होता. रीतसर झालेलं लग्न मरणाशिवाय तुटत नाही. बायकोनं वा नवऱ्यानं बदफैली केली, मारझोड केली, तर फार तर वेगळं राहायची परवानगी मिळे; दुसरं लग्न करायची नाही.

पण माणूस वाटा शोधतोच. लग्न मोडता येत नसलं तरी ते मुळात झालंच नव्हतं, असं म्हणता येत होतं! त्यासाठी कारणही हाताशी होतं. आपल्याकडे सगोत्र आणि सपिंड टाळतात, तसा धर्मपीठाचा दंडक होता, की वधूवरांचा खापरपणजा एक असेल, तर ते लग्न निषिद्ध. शिवाय सोयरिकीतलं नातं आणि बाप्तिस्म्याच्या वेळी झालेल्या धर्ममातापित्यांचं नातंही मोजायचं. आता विचार करा. मोठी घराणी मोजकी, ती पिढ्यान् पिढ्या एकमेकांतच सोयरिकी करणारी. चार पिढ्या मागं गेलं की कुणाचं नातं निघणार नाही? म्हणून लग्नाआधी पोपकडून किंवा त्याच्या प्रतिनिधीकडून माफीपत्र मिळवायचं. ते मिळालं की लग्न पक्कं. नाही मिळवलं, तर दार अर्धं उघडं राहिलं. पुढं बायको नकोशी झाली, की वंशावळीची वही काढायची आणि म्हणायचं, 'अरेरे, ही तर आमच्या नात्यातली निघाली!'

आणखीही पळवाटा होत्या. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची थोरली बहीण मार्गारेट ट्यूडर ही स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्स राजाची राणी. राजा १५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत पडला. वर्षभरात तिनं अँगसच्या अर्लाशी लग्न केलं. पुढं दोघांचं फाटलं. अँगसानं आधी दुसरीला लग्नाचं वचन दिलं होतं, या कारणावरून पोपनं १५२७ साली ते लग्न रद्द ठरवलं. हेन्रीकडून बहिणीला पातिव्रत्याचे खरमरीत बोल ऐकावे लागले. आणि त्याच १५२७ साली हेन्री स्वतःची राणी कॅथरिन हिच्यापासून सुटका मिळवण्याच्या खटपटीला लागला होता! लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते असं.

पण या पळवाटांचं विष पुढच्या पिढीत उतरे. हॅमिल्टन घराण्याचं उदाहरण घ्या. ॲरनचा पहिला अर्ल जेम्स हॅमिल्टन याची बायको एलिझाबेथ ह्यूम. लग्न झालं तेव्हा तिचा पहिला नवरा जिवंत होता, म्हणून हे लग्न रद्द, असा निकाल १५०४ साली लागला आणि १५१० साली तोच निकाल पुन्हा घेण्यात आला. पुढं अर्लानं जॅनेट बीटन हिच्याशी लग्न केलं आणि तिच्या पोटी वारस झाला. हा मुलगा १५४३ साली, तान्ह्या मेरी राणीच्या नावानं, राज्याचा कारभारी झाला. राणीला काही झालं असतं तर गादी त्याचीच. पण प्रतिस्पर्धी लेनॉक्सचा अर्ल म्हणू लागला, 'याच्या बापाची काडीमोडच खोटी. मग हा औरस कसा?' म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या एका निकालपत्रावर राज्याचा वारसा टांगलेला! घर मोडलं बापानं, आणि टोमणे खाल्ले मुलानं.

मग १५६० साल उजाडलं. ऑगस्ट महिन्यात स्कॉटलंडच्या संसदेनं पोपची सत्ता झुगारून दिली. जॉन नॉक्स हा या चळवळीचा धगधगता उपदेशक. नव्या मताचे लोक म्हणाले, लग्न पवित्र खरं, पण ते चर्चच्या संस्कारांपैकी नव्हे. नवराबायकोंपैकी एकानं व्यभिचार केला, तर त्यानंच गाठ तोडली. निर्दोष माणसाला जन्मभर कोंडून ठेवण्यात धर्म नाही. त्याला मोकळं करावं आणि दुसरं लग्न करू द्यावं. दोषी माणसाबाबत मात्र त्यांचं मन कठोर होतं. १५६३ साली संसदेनं उघड उघड केलेल्या व्यभिचाराला मरणाची शिक्षा सांगणारा कायदा केला.

जुनी धर्मकोर्टं बंद पडली, मग निवाडा कुणी करायचा? १५६४ च्या फेब्रुवारीत एडिंबरोला सरकारी नेमणुकीचं नवं कोर्ट बसलं. चार न्यायाधीश, आणि साऱ्या देशातले काडीमोडीचे दावे त्यांच्याकडे. १५६७ च्या डिसेंबरात नात्याचाही कायदा बदलला. बायबलाच्या जुन्या करारात जी नाती वर्ज्य सांगितली आहेत तेवढीच वर्ज्य. बाकी चार पिढ्यांचा गुंता रद्द. सख्ख्या चुलत-मावस भावंडांनाही लग्न करता येऊ लागलं. आपल्याकडे मामाची मुलगी चालते आणि चुलत्याची चालत नाही. त्यांच्याकडे दोन्ही चालू लागल्या.

आता मुख्य हकीकतीकडे येऊ. जेम्स हेपबर्न, बॉथवेलचा अर्ल. शूर, धाडसी, आणि कर्जात बुडालेला. १५६६ च्या फेब्रुवारीत त्याचं लग्न जीन गॉर्डन हिच्याशी झालं. तिचा भाऊ हंटलीचा अर्ल. जीन वीस वर्षांची, शांत डोक्याची आणि जुन्या धर्माची. मेरी राणीनं स्वतः नवरीच्या पोशाखासाठी रुपेरी कापड दिलं. दोघांचं चौथ्या पिढीतलं नातं निघत होतं, म्हणून सेंट अँड्र्यूजचा आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यानं पोपचा प्रतिनिधी या नात्यानं माफीपत्र दिलं. तेव्हा लग्न सर्व बाजूंनी पक्कं होतं. हा आर्चबिशप म्हणजे मघाच्या त्या कारभाऱ्याचा अनौरस भाऊ. हे माफीपत्र मात्र ध्यानात ठेवा, बरं का.

पुढच्या वर्षी आक्रीत घडलं. १० फेब्रुवारी १५६७ च्या पहाटे राणीचा नवरा डार्नले याचा खून झाला. बोटं बॉथवेलकडे वळली. एप्रिलात खटला झाला आणि तो सुटला. त्याच महिन्यात पुष्कळ सरदारांनी एका कागदावर सह्या केल्या, की राणीनं लग्न करावं तर बॉथवेलशीच करावं. २४ एप्रिलला त्यानं राणीला वाटेत अडवून डनबारच्या किल्ल्यात नेलं. राणी राजीखुशीनं गेली की जबरीनं, यावर इतिहासकार अजून भांडताहेत.

पण बॉथवेलला घरी बायको होती! तिचं काय करायचं? इथं दोन कोर्टांचा खेळ पाहा. राणीनं १५६६ च्या डिसेंबरात आर्चबिशपला त्याचं जुनं कोर्ट पुन्हा चालवायचा अधिकार दिलेला होता. म्हणजे आता देशात लग्नाची दोन कोर्टं झाली, एक नव्या धर्माचं नि एक जुन्या धर्माचं. जीननं नव्या कोर्टात दावा लावला, की माझ्या नवऱ्यानं माझ्याच दासीशी संबंध ठेवला. ३ मे रोजी तिला काडीमोड मिळाली. तिकडे बॉथवेलनं आर्चबिशपच्या कोर्टात दावा लावला, की आमचं चौथ्या पिढीत नातं आहे, तेव्हा हे लग्नच नव्हे. ७ मे रोजी त्यालाही निकाल मिळाला. एक कोर्ट म्हणालं, लग्न होतं, ते नवऱ्याच्या दोषानं मोडलं. दुसरं म्हणालं, लग्न झालंच नव्हतं. दोन्ही निकालांत चार दिवसांचं अंतर! आणि ज्या आर्चबिशपनं वर्षापूर्वी नात्याची माफी दिली होती, त्याच्याच कोर्टानं नात्याचं कारण मान्य केलं. माफीपत्राचा उच्चारही झाला नाही.

दोन निकाल कशासाठी? एक नव्या धर्माच्या लोकांचं तोंड बंद करायला, दुसरा जुन्या धर्माच्या. दोन्ही दगडांवर पाय ठेवला, की कुठं तरी उभं राहता येईल असा हिशेब. १५ मे रोजी होलिरूडच्या वाड्यात राणीचं आणि बॉथवेलचं लग्न लागलं, तेही नव्या धर्माच्या विधीनं. राणी जुन्या धर्माची असून. एडिंबरोचा धर्मोपदेशक जॉन क्रेग याच्यावर या लग्नाची जाहीर घोषणा करण्याची पाळी आली. त्यानं ती केली, पण भर चर्चमध्ये आपला विरोधही सांगितला.

लोकांचं तोंड काही बंद झालं नाही. महिन्याभरात, १५ जूनला, सरदारांची फौज समोर उभी राहिली. राणी कैद झाली, बॉथवेल पळाला. जुलैत राणीला गादी सोडावी लागली. बॉथवेल डेन्मार्कच्या कैदेत १५७८ साली मेला. राणी इंग्लंडात आश्रयाला गेली, तिथं एकोणीस वर्षं अडकून पडली आणि १५८७ साली तिचा शिरच्छेद झाला. तिचा सर्वनाश केवळ या लग्नानं झाला असं नव्हे. खून होता, राजकारण होतं, धर्माचं वैर होतं. पण जो निकाल दोन्ही बाजूंना पटावा म्हणून दोनदा घेतला, तो कुणालाच पटला नाही, एवढं खरं.

आणि जीन? ती आपल्या माहेरच्या उत्तर मुलखात गेली. करारानं मिळालेल्या जमिनीवरचा हक्क तिनं सोडला नाही. १५७३ साली तिनं सदरलँडच्या अर्लाशी लग्न केलं. नवरा आजारी असे. जहागिरीचा कारभार तीच पाही. तिकडे ब्रोरा गावी दगडी कोळशाची खाण तिनं सुरू करवली. तो अर्ल वारल्यावर, १५९९ साली, तिनं अलेक्झांडर ओगिल्वी या जुन्या ओळखीच्या गृहस्थाशी लग्न केलं; तरुणपणी तिचं मन त्याच्यावरच होतं असं सांगतात. १६२९ साली ती वारली, त्या सगळ्या गोंधळातल्या बहुतेकांच्या कितीतरी मागाहून. आणि ते माफीपत्र? एकोणिसाव्या शतकात सदरलँडच्या डनरॉबिन किल्ल्यातल्या कागदपत्रांत ते सापडलं. तिनं ते कोर्टापुढं आणलं नव्हतं, पण फाडलंही नव्हतं. तिच्यावर दडपण होतं, भावाला जप्त झालेली जहागीर परत हवी होती, हे सारं खरं. तरीही आपलं लग्न खरं होतं, याचा पुरावा त्या बाईनं पेटीत जपून ठेवला. तिनं त्यावर एक शब्द लिहून ठेवलेला नाही. पण कागद तेवढा ठेवला.

दुसरी हकीकत आर्गाइलच्या अर्लाची. हा नव्या धर्माचा मोठा आधारस्तंभ. त्याची बायको जीन स्ट्यूअर्ट ही राणीची सावत्र बहीण, पाचव्या जेम्स राजाची अनौरस मुलगी. लग्न १५५४ सालचं, पण दोघांचं कधी जमलं नाही. १५६३ साली चक्क राणीनं जॉन नॉक्सला विनंती केली, की या दोघांत समेट करा. एरवी राणी आणि नॉक्स यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण मोडतं घर सावरायला दोघं एकत्र आली. उपयोग झाला नाही. १५६७ साली जीन कायमची निघून गेली.

अर्लाला औरस मूल नव्हतं. दुसरं लग्न हवं होतं. पण करायचं कसं? कायद्यानं व्यभिचार हे कारण होतं, आणि दोष खुद्द त्याच्याकडे होता. जीननं दावा लावला असता तर तिला काडीमोड मिळाली असती. तिनं लावला नाही. अर्लानं नांदायला यावं म्हणून दावा केला. ती गेली नाही. तेव्हा १५७३ साली, हा अर्ल राज्याचा चॅन्सेलर असताना, संसदेनं नवा कायदा केला. नवरा किंवा बायको विनाकारण सोडून जाऊन चार वर्षं परत येत नसेल, तर आधी कोर्टानं नांदायचा हुकूम द्यावा. न ऐकल्यास, आपल्याकडे दवंडी पिटतात तसं, शिंग फुंकून बंडखोर म्हणून पुकारावं. चर्चनं समज द्यावी, वाळीत टाकावं. आणि तरीही न आल्यास काडीमोड द्यावी. एप्रिलात कायदा झाला, जूनमध्ये अर्लाला काडीमोड मिळाली, ऑगस्टात त्यानं दुसरं लग्न केलं आणि सप्टेंबरात तो मरण पावला. ज्या वारसासाठी देशाचा कायदा वाकवला, तो वारस काही त्याला लाभला नाही. जहागीर भावाकडे गेली.

आता तुम्ही म्हणाल, मोठ्यांसाठी कायदे होतात नि मोठेच त्यांचा फायदा घेतात. यात नवल ते काय? पण नवल पुढंच आहे. एका अर्लाच्या सोयीसाठी केलेला तो कायदा साऱ्या देशाचा झाला. नवरा परागंदा झालेली कोष्ट्याची बायको असो की कोळ्याची, तिलाही तोच कायदा. व्यभिचाराच्या बाबतीतही नवऱ्याला जो हक्क तोच बायकोला. शेजारच्या इंग्लंडात कोर्टातून काडीमोड मिळायला १८५७ साल उजाडावं लागलं. आणि तिथं नुसत्या नवऱ्याच्या व्यभिचारावर बायकोला सुटका मिळू लागली ती १९२३ साली. स्कॉटलंडच्या बाईला हा हक्क साडेतीनशेहून अधिक वर्षं आधी मिळाला होता. चार वर्षांची ती अट १९३८ सालच्या कायद्यानं तीनवर आणली, तोवर १५७३ चाच कायदा चालत होता.

यातून आपल्यापर्यंत येणारा एक धागा आहे. 'नांदायला ये' असा कोर्टाचा हुकूम मागण्याची रीत मूळची युरोपातल्या धर्मपीठांची. स्कॉटलंडात ती आर्गाइलनं वापरली. इंग्लंडच्या धर्मकोर्टांतही ती होती, आणि इंग्रजी अंमलाबरोबर ती मुंबईस आली. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंवर दादाजीनं १८८४ साली असाच दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. पण अपिलानंतर १८८७ साली हुकूम सुटला, की नांदायला जा नाही तर तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करला. शेवटी १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली आणि पुढं त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. जीन स्ट्यूअर्ट आणि रखमाबाई यांच्यात तीनशे वर्षांचं आणि हजारो कोसांचं अंतर. एक राजाची मुलगी, दुसरी मुंबईच्या घरातली लेक. पण दोघींचं उत्तर एकच, 'मी जाणार नाही.' हुकूम बाईला दारापर्यंत ओढत नेईल, पण संसार करवून घेऊ शकत नाही, हे दोन्ही ठिकाणी दिसून आलं.

शिक्षकांना सुचवावंसं वाटतं, की वर्गात धर्मसुधारणा शिकवताना मुलांना हा प्रश्न जरूर विचारा. बॉथवेलनं दोन कोर्टांतून दोन निकाल आणले, तरी लोकांनी ते का मानले नाहीत? मुलं आपापल्या परीनं उत्तर देतील. आपल्या गावातही पंचांपुढं असे प्रसंग येतात. निवाडा आधी ठरवून मागाहून कारण शोधलं, तर कागद कितीही शिक्क्यांचा असला तरी गाव तो मनात फाडून टाकतं. आणि ज्या बाईचा संसार मोडायचा, तिला काय म्हणायचं आहे हे कुणी विचारलंच नाही, तर तिचं म्हणणं जीन गॉर्डनच्या पेटीतल्या कागदासारखं कुठं तरी शिल्लक राहतं. कधी तरी ते बाहेर येतंच.